काव्यशास्त्रविनोद

कोल्हापुराहून रत्नागिरीच्या सडकेनें निघालें म्हणजे आंबा घाट गांठण्यापूर्वीं मलकापूर लागतें. विशाळगडच्या प्रतिनिधींच्या जहागिरीचें हें मुख्य ठिकाण होतें. पाऊस दांडगा, डोंगर जवळ आणि मोठें शहर दूर. अशा गांवीं पूर्वीं पुस्तक विकत घेणारा एखादाच असे. परंतु तें वाचणारे अनेक असत. एकानें मोठ्यानें वाचावें, चौघांनीं ऐकावें, आणि प्रकरण संपतांच नायिकेनें केलें तें योग्य कीं अयोग्य यावर दिवा मालवेपर्यंत वाद घालावा, ही रीत महाराष्ट्रांतील लहान गांवांना नवी नव्हती. कीर्तन व पुराण ऐकून उठतांना त्यांतील धर्माधर्माचा खल करणाऱ्या समाजानें कादंबरीहि त्याच कानांनीं ऐकली, यांत नवल तें काय?

मात्र या मित्रगोष्टींना स्वतः कादंबरीचेंच रूप देणारा लेखक ज्या प्रांतांत घडला, तो हाच करवीर प्रांत होय. त्या लेखकाचें नांव वामन मल्हार जोशी.

मराठींतील पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाणारी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं निघाली. तिच्यांत विधवांच्या दुःखाचा प्रश्न होता. पुढें १८९० सालीं ‘करमणूक’ पत्र काढून हरि नारायण आपटे यांनीं मध्यमवर्गाच्या घरांतील अश्रु कादंबरींत आणले. वाचक हळहळले, विचार करूं लागले. तथापि हा विचार कादंबरी मिटल्यावर सुरू होई. कादंबरीच्या आंतच माणसें बसून धर्म, नीति, वेदान्त आणि स्त्रियांचें स्वातंत्र्य यांवर बोलत आहेत, हा प्रकार वामनरावांनीं रूढ केला.

वामनरावांचा जन्म १८८२ सालीं कुलाबा जिल्ह्यांतील तळें या गांवीं झाला. तत्त्वज्ञान घेऊन १९०६ सालीं ते एम्. ए. झाले आणि प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या कोल्हापुरांतील समर्थ विद्यालयांत शिक्षक म्हणून आले. विजापूरकर हे राजाराम कॉलेजांतील संस्कृतचे अध्यापक. ‘ग्रंथमाला’ मासिक चालवून त्यांनीं कोल्हापुरास विद्येचें एक पीठ बनविलें होतें. राष्ट्रीय शिक्षणाच्या ध्यासानें त्यांनीं विद्यालय काढलें व ‘विश्ववृत्त’ हें मासिक सुरू केलें. त्याच्या संपादनांत वामनराव त्यांचे सहायक होते.

१९०८ सालीं या मासिकांत श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा वेदांतील प्रार्थनांच्या तेजस्वितेवर एक लेख प्रसिद्ध झाला. सरकारास त्यांत राजद्रोह दिसला. खटला होऊन विजापूरकर, वामनराव व मासिकाचे प्रकाशक या तिघांस प्रत्येकीं तीन वर्षांची शिक्षा झाली. लेख दुसऱ्याचा, पण तो छापल्याची जबाबदारी न झटकतां वयाच्या सव्विसाव्या वर्षीं वामनरावांनीं तुरुंगाची वाट धरली.

येथें थोडें थांबून पाहण्यासारखें आहे. शब्दासाठीं तुरुंग भोगून आलेला माणूस बहुधा आपल्या मताला अधिकच घट्ट धरून बसतो, आणि प्रतिपक्षाला बोलूं देण्याची त्याची इच्छा उरत नाहीं. वामनरावांचें तसें झालें नाहीं. १९१५ सालीं त्यांची ‘रागिणी’ प्रसिद्ध झाली. ‘काव्यशास्त्रविनोद’ हें तिचें दुसरें नांव. सुबुद्ध माणसांचा वेळ कसा जावा हें सांगणाऱ्या जुन्या सुभाषितांतील हा शब्द. या कादंबरींत मित्र जमतात, वाद करतात. आणि त्या वादांत स्त्रियाहि बरोबरीनें भाग घेतात. पतिनिष्ठेची बाजू मांडली जाते, तशीच स्त्रीच्या स्वतंत्र व्यक्तित्वाचीहि. आणि लेखक कोणत्याहि बाजूचें तोंड दाबीत नाहीं.

दूरच्या रशियांत याच्याशीं जुळणारें एक उदाहरण सांपडतें. डोस्टोव्हस्की यानें १८५० पासून चार वर्षें सैबेरियांत सक्तमजुरी भोगली. १८८० सालीं पूर्ण झालेल्या ‘करामाझोव्ह बंधू’ या त्याच्या कादंबरींत दोन भाऊ एका खाणावळींत बसून ईश्वराच्या न्यायाविषयीं बोलतात. लेखक स्वतः श्रद्धावान. परंतु अश्रद्ध भावाच्या तोंडीं त्यानें इतके प्रबळ आक्षेप घातले आहेत कीं वाचक हादरून जातो. दोघांच्या प्रतिभेची जात निराळी. तरी विरोधी मताला त्याचें पुरतें बळ द्यावयाचें, ही सचोटी दोघांतहि एकच.

वामनरावांवर आक्षेप घेतले गेले, व ते सर्वस्वी खोटे नाहींत. चर्चा सुरू झाली कीं कथानक खोळंबतें. पात्रें कधीं कधीं माणसें न राहतां मतें होतात. पण उत्तरोत्तर त्यांनीं हा दोष कमी केला. ‘सुशीलेचा देव’ या १९३० च्या कादंबरींत देवाची कल्पना नायिकेच्या आयुष्याबरोबर बदलत, वाढत जाते; येथें तत्त्वज्ञान वादांतून नव्हे तर जगण्यांतून उमलतें. १९३४ सालच्या ‘इंदु काळे व सरला भोळे’ या कादंबरींत पात्रें एकमेकांस पत्रें लिहितात आणि कला व नीति यांचा संबंध काय, हा प्रश्न त्यांतून उलगडतो. मधल्या काळांत त्यांनीं सॉक्रेटिसाचे संवाद मराठींत आणले होते. चौकांत तरुण मित्रांना प्रश्न विचारीत हिंडणाऱ्या आणि त्यापायीं ख्रिस्तपूर्व ३९९ मध्यें विषाचा पेला घेणाऱ्या त्या ग्रीक तत्त्ववेत्त्याचें वामनरावांस आकर्षण वाटावें, हें साहजिकच होय.

कलेचा हाच प्रश्न पुढें कोल्हापुरांत पुन्हां पेटला. ना. सी. फडके राजाराम कॉलेजांत तत्त्वज्ञान शिकवीत, वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून १९३८ सालीं कोल्हापुरास आले. कला ही कलेसाठींच असें फडके म्हणत; ती जीवनासाठीं असें खांडेकर सांगत. गंमत अशी कीं, तत्त्वज्ञानाचा प्रोफेसर कादंबरीवर तत्त्वज्ञानाचें ओझें नको म्हणे, आणि पदवी न घेतलेला शाळामास्तर तिच्यांत जीवनाचा अर्थ शोधी. दोघांनीं एकाच शहरांत राहून वर्षानुवर्षें हा वाद चालविला, आणि घरोघरचे वाचक त्यांत पक्ष घेऊन भांडले.

या वादाचा निकाल लागला नाहीं. लागण्याची आवश्यकताहि नव्हती. १९४३ सालीं वामनराव निवर्तले. ‘विश्ववृत्त’ त्यापूर्वींच इतिहासजमा झालें होतें. परंतु मित्रानें विरुद्ध मत मांडलें तरी मैत्री तुटत नाहीं, उलट आपलें मत त्यामुळें पारखून निघतें, हा धडा त्यांच्या कादंबऱ्यांनीं मराठी घराला दिला. ज्या राज्यसत्तेनें एका लेखासाठीं तीन माणसांना कोंडलें, तिला हा धडा उमगला नव्हता. मलकापुरासारख्या गांवीं दिव्याभोंवतीं बसून एका पुस्तकावर भांडणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां त्याच ओसरीवर जमणाऱ्या चार मित्रांना मात्र तो कोणीं शिकविण्यापूर्वींच ठाऊक होता.