डबल शॉकअपची सायकल चढावर का दमवते? पेण-रोह्याच्या खिंडी आणि 1990च्या दशकातली एक चूक

पेणहून रोह्याला सायकलने जायचं तर वडखळ, नागोठणे असा मुंबई-गोवा महामार्ग धरावा लागतो. नागोठण्यापासून दोन वाटा फुटतात. एक महामार्गानेच सुकेळी खिंड चढून कोलाडला जाते आणि तिथून रोह्याकडे वळते. दुसरी थेट भिसे खिंडीतून रोह्यात उतरते. वाट कोणतीही घेतली तरी खिंड चुकत नाही. पावसाळ्यानंतर खड्डेही चुकत नाहीत.

असा रस्ता पाहिला की पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल हवी, असं कुणालाही वाटेल. तालुक्याच्या गावात सायकलच्या दुकानात गेलेली पोरं हट्ट धरतात तो 'डबल शॉकअप'चाच. खड्ड्यात ती मऊ चालते, उतारावर मजा येते. पण खिंडीचा चढ सुरू झाला की पायडलवर जोर द्यावा तशी सायकल खाली दबते, वर उसळते आणि पुढे मात्र थोडीच सरकते. साध्या सायकलवाला मित्र निवांत पुढे निघून जातो.

यात चालवणाऱ्याचे पाय दोषी नसतात. अमेरिकेतल्या नामांकित कंपन्याही 1990च्या दशकात याच ठिकाणी अडकल्या होत्या. त्यांनी ही अडचण कशी सोडवली हे कळलं, तर दुकानात उभं राहून चांगली आणि वाईट सायकल ओळखता येते.

शॉकअपमध्ये असतं काय?

शॉकअपची कामं दोन. पहिलं काम स्प्रिंगचं. चाक दगडावर चढलं की स्प्रिंग दबते आणि धक्का अंगापर्यंत कमी पोचतो. दुसरं काम ती उसळी आवरण्याचं, म्हणजे डॅम्पिंगचं. दबलेली स्प्रिंग मोकळी सोडली तर ती बराच वेळ वरखाली होत राहते. तसं होऊ नये म्हणून चांगल्या शॉकअपमध्ये तेल असतं. ते बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि हालचाल मंद होते.

स्वस्त सायकलच्या मागच्या शॉकअपमध्ये बहुतेकदा पहिलाच भाग असतो. दिसायला जाडजूड स्प्रिंग, आत तेल नाही. अशी सायकल खड्ड्यातून बाहेर आल्यावरही डुलत राहते.

मोटरसायकलला जमलं, मग सायकलला का नाही?

मोटरसायकलचं इंजिन फ्रेमला घट्ट बसवलेलं असतं आणि त्याची ताकद जवळपास एकसारखी येते. सायकलचं इंजिन म्हणजे माणूस. तो सीटवर हलतो, चढावर उभा राहतो आणि त्याची ताकद एकसारखी येत नाही. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा जोर येतो, दोनदा ओसरतो. प्रत्येक जोरासोबत मागचा शॉकअप दबला तर पायांची काही मेहनत स्प्रिंग दाबण्यातच जाते. सायकलवाले याला 'बॉबिंग' म्हणतात.

त्यात चेनची भर पडते. चेन मागच्या चाकाला पुढे ओढते. मागचा हात, म्हणजे स्विंगआर्म, फ्रेमला ज्या बोल्टभोवती फिरतो तो बोल्ट कुठे आहे, यावर त्या ओढीने शॉकअप दबणार की ताठ होणार हे ठरतं. या बोल्टला पिव्हट म्हणतात. सस्पेन्शन असलेल्या सायकलींचा सगळा इतिहास या पिव्हटच्या जागेभोवती फिरतो.

कल्पना डोंगरातली नव्हे, लंडनमधली

सायकलला स्प्रिंग लावण्याची कल्पना हवेच्या टायरपेक्षा जुनी आहे. लंडनच्या लिन्ली अँड बिग्ज कंपनीने 1885 मध्ये 'व्हिपेट' नावाची स्प्रिंगच्या फ्रेमची सायकल आणली. तेव्हा टायर भरीव रबराचे असत आणि रस्ते दगडांचे. व्हिपेटमध्ये सीट, पायडल आणि हँडल हे तिन्ही एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर राहत आणि बाकी सायकल त्यांच्याखाली हलत असे. चालवणाऱ्याची बैठक मोडू द्यायची नाही, हा विचार तिथे पक्का होता. पुढे शंभर वर्षांनी अनेकांना तो नव्याने शिकावा लागला.

1888 मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेचा टायर आणला आणि स्प्रिंगची गरज बरीचशी संपली. हवा भरलेला टायर हाच एक हलका, स्वस्त शॉकअप आहे. नंतर 1962 मध्ये इंग्लंडच्या अॅलेक्स मोल्टन यांनी लहान चाकांची, पुढे-मागे सस्पेन्शन असलेली सायकल बाजारात आणली. 'मिनी' या मोटारीचं रबरी सस्पेन्शनही त्यांचंच. पण मोल्टन सायकल शहरातल्या डांबरी रस्त्यांसाठी होती.

डोंगर उतरणारी पोरं

माउंटन बाइकचा जन्म कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत झाला. माउंट टॅम परिसरातल्या मातीच्या उतारावर 1976 पासून 'रीपॅक' नावाच्या शर्यती होऊ लागल्या. सायकली जुन्या, जाड टायरच्या. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये. एका उतारातच हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नाव 'रीपॅक'. याच मंडळींपैकी जो ब्रीझ यांनी 1977 मध्ये खास या कामासाठी फ्रेम बनवली. 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टंपजंपर' आली आणि माउंटन बाइक कारखान्यात तयार होऊ लागली. या कोणत्याही सायकलला शॉकअप नव्हता. धक्के झेलायचे ते जाड टायरने आणि माणसाच्या कोपर-गुडघ्यांनी.

पुढचा शॉकअप आला तो मोटरसायकलच्या दुनियेतून. मोटोक्रॉसचे मेकॅनिक राहिलेले पॉल टर्नर यांनी रॉकशॉक्स कंपनी उभी केली आणि 'आरएस-1' हा चिमटा आणला. आत हवा आणि तेल, चाकाला हालायला जेमतेम दोन इंच जागा. 1990 मध्ये अमेरिकेतल्या ड्युरँगो इथे माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा उतारावरच्या शर्यतीत ग्रेग हर्बोल्ड हा चिमटा लावूनच जिंकले. पुढचा प्रश्न त्यामुळे बराचसा मिटला. चेनची ओढ पुढच्या चाकापर्यंत पोचत नाही, म्हणून तो तुलनेने सोपाही होता.

खरी डोकेदुखी मागच्या चाकाची होती.

तीन उत्तरं, तिन्ही अर्धवट

1990च्या दशकाच्या सुरुवातीला जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीने मागचा शॉकअप लावून पाहिला. त्यातून तीन प्रकार पुढे आले.

*पिव्हट खाली, मऊ रबर.* ट्रेकची 9000 मालिका आणि प्रोफ्लेक्सच्या सायकली यांत इलास्टोमर नावाचे रबरी ठोकळे वापरले होते. ते हलके आणि स्वस्त होते. पण उसळी आवरायला नीट काही नसल्याने सायकल उड्या मारायची. थंडीत रबर कडक व्हायचं आणि काही वर्षांत झिजायचं.

*पिव्हट वर.* जीटी कंपनीच्या 'आरटीएस' सायकलमध्ये पिव्हट उंचावर होता. पायडल मारताना चेनची ओढ मागचा भाग ताठ करायची, त्यामुळे डुलणं कमी झालं. पण चाक खड्ड्यावर वर गेलं की क्रँक आणि मागचं चाक यांतलं अंतर वाढायचं, चेन ताणली जायची आणि पायडल उलटं पायाला धक्का द्यायचं. शिवाय जोर लावताना शॉकअप ताठच राहायचा. म्हणजे दगडाळ चढावर, जिथे त्याची गरज असते तिथेच तो काम करेना.

*क्रँकसकट हलणारा मागचा भाग.* 1995च्या सुमारास आलेली ट्रेकची इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी फ्रेम आजही अनेकांना आठवते. इथे क्रँक मागच्या हलणाऱ्या त्रिकोणातच बसवला होता. क्रँक आणि चाक एकत्र हलत असल्याने चेनचा प्रश्नच उरला नाही. मात्र चालवणारा पायडलवर उभा राहिला की त्याचं वजन थेट मागच्या त्रिकोणावर यायचं आणि शॉकअपचं काम जवळपास थांबायचं. सीट आणि पायडल यांतलं अंतरही सतत बदलायचं. व्हिपेटने शंभर वर्षांपूर्वी जे सांभाळलं होतं, ते इथे सुटलं.

छोट्या सांध्याने काय बदललं?

ऑस्ट्रियाचे मोटोक्रॉस रायडर हॉर्स्ट लाइटनर यांनी मागच्या हातात आणखी एक सांधा घातला. तो चाकाच्या आसाच्या थोडा पुढे आणि खाली होता. त्यामुळे चाक एकाच बोल्टभोवती न फिरता चार दुव्यांच्या जोडणीवर चालू लागलं. चाक वर जाताना कोणत्या वाटेने जाईल, चेन किती ताणेल आणि ब्रेक लावल्यावर मागचा भाग किती ताठ होईल, हे डिझाइन करणाऱ्याला बऱ्याच अंशी वेगवेगळं ठरवता येऊ लागलं. 'हॉर्स्ट लिंक' म्हणून ओळखला जाणारा हा सांधा स्पेशलाइज्डच्या 'एफएसआर' सायकलींत आला. त्याच काळात मोटरसायकल शर्यतींचे अमेरिकी विजेते मर्ट लॉविल यांनी गॅरी फिशर कंपनीसाठी 1992 मध्ये 'आरएस-1' नावाचीच सायकल केली. तीही दुव्यांच्या जोडणीवरच चालणारी होती.

तरीही चढाच्या शर्यती जिंकणारे बराच काळ मागे शॉकअप नसलेली सायकलच निवडत राहिले. 2000 नंतर शॉकअपच्या आतल्या झडपा सुधारल्या. पायडलचा मंद दाब आणि दगडाचा जोराचा फटका यांत फरक करणारे शॉकअप आले. ऑलिंपिकमध्ये माउंटन बायकिंग आलं 1996 मध्ये, अटलांटाला. 2012 मध्ये लंडनला चेक प्रजासत्ताकाचे यारोस्लाव कुल्हावी पुढे-मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर सुवर्णपदक जिंकले. पहिल्या धडपडीपासून तिथवर यायला वीसेक वर्षं लागली.

जुनी चूक नव्या रंगात

प्रश्न सुटला तो महागड्या सायकलींत. स्वस्त बाजारात मात्र 1990च्या दशकातले आकार तसेच राहिले. आज दुकानात दिसणाऱ्या कमी किमतीच्या अनेक डबल शॉकअप सायकलींत एकच पिव्हट, तेलाशिवायची स्प्रिंग आणि जड लोखंडी फ्रेम असते.

वजनाचा हिशोब सोपा आहे. चालवणारा 70 किलोचा आणि सायकल 13 किलोची असेल तर चढवायचं वजन 83 किलो. सायकल 20 किलोची असेल तर ते 90 किलो. तोच चढ चढायला सुमारे 8 टक्के जास्त मेहनत, आणि डुलण्यात वाया जाणारी वेगळी. सुकेळी खिंडीत हे पायांना लगेच कळतं.

पेण-रोह्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. रायगडात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. धरमतर खाडीकडच्या हवेत खार असतो, भातशेतीच्या वाटांवर चिखल. साध्या सायकलला याचा त्रास होतोच, पण डबल शॉकअपला सांधे जास्त. पिव्हटमधल्या बुशमध्ये चिखल-पाणी गेलं की ते झिजतं आणि मागचं चाक डावी-उजवीकडे खेळू लागतं. ते बुश गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही.

दुकानात काय तपासावं?

- सीट जोरात दाबून सोडावी. सायकल एकदा वर येऊन थांबली तर आत डॅम्पिंग आहे. तीन-चार वेळा डुलली तर नुसती स्प्रिंग आहे.
- क्रँक पुढच्या स्थिर फ्रेममध्ये आहे की मागच्या हलणाऱ्या भागात, हे पाहावं. मागच्या भागात असेल तर उभं राहून पायडल मारताना शॉकअप फारसा चालणार नाही.
- मागचं चाक हातात धरून आडवं हलवावं. नव्या सायकलमध्येच खेळ जाणवला तर ती घेऊ नये.
- सायकल एका हाताने उचलून पाहावी आणि शेजारची साधी सायकलही उचलावी. फरक लगेच कळतो.
- चांगला हवेचा शॉकअप असेल तर चालवणारा बसल्यावर तो त्याच्या एकूण हालचालीच्या 25 ते 30 टक्के दबायला हवा. तेवढी हवा भरून घ्यावी.

शाळा, कॉलेज किंवा धाटावच्या कारखान्यात रोज जायला, आणि अधूनमधून खिंड चढायला, कमी बजेटमध्ये मागे शॉकअप नसलेली, जाड टायरची सायकल जास्त उपयोगी पडते. दोन इंचांच्या आसपास रुंदीच्या टायरमध्ये हवा दगडासारखी कडक न भरता, टायरवर छापलेल्या मर्यादेत राहून थोडी कमी ठेवली तरी खड्ड्यांचे धक्के बरेच कमी होतात. फार कमीही ठेवू नये, कारण खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चेपून पंक्चर होते.

चांगली फुल सस्पेन्शन सायकल डोंगरातल्या दगडाळ उतारावर आपली किंमत वसूल करते. तिथे ती वेग देते आणि पडण्यापासून वाचवतेही. पण तो फायदा पिव्हटच्या जागेचा आणि शॉकअपच्या आतल्या तेलाचा असतो. बाहेरून रंगवलेल्या स्प्रिंगकडे पाहून तो ओळखता येत नाही, सीट दाबून पाहिली तर येतो.