चित्रगुप्ताचे कारकून

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दक्षिणेकडे वात करून यमदीप लावावयाचा आणि भाऊबीजेला यमद्वितीया म्हणावयाचे. ऐन आनंदाच्या दिवसांत आपण यमराजाला असा दोनदा पाट मांडतो. त्याच्या कारकुनाची आठवण मात्र उत्तरेकडील कायस्थ मंडळी सोडली तर कोणाला होत नाही. ही मंडळी त्या दिवशी चित्रगुप्ताची आणि दौत-लेखणीची पूजा करतात. चित्रगुप्ताच्या वहीत कधी चूक होत नाही, असे पुराणिकबुवा सांगतात. तीच वही पृथ्वीवर माणसांनी लिहावयास घेतली, तेव्हा तिच्यावर कसकसले डाग पडले, हे सवडीने वाचण्याचा नाद मला लागला आहे. फराळाचे ताट पुढ्यात असताना हा विषय काढल्याबद्दल गृहिणींनी रागावू नये. गोष्ट मोठी रंजक आहे.

सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये दर आठवड्याला एक छापील पत्रक निघे. कोणत्या रोगाने किती माणसे दगावली याचा त्यात हिशेब असे. ‘दात’ हेही मरणाचे एक कारण म्हणून त्यात नोंदलेले सापडते! दात येण्याच्या वयात गेलेली तान्ही मुले त्यात घातली जात. आता हे कारण ठरवी कोण? डॉक्टर नव्हे. प्रत्येक चर्चच्या पेठेत बहुधा म्हाताऱ्या, गरीब बायका नेमलेल्या असत. हातात काठी घेऊन त्या मयताच्या घरी जात, प्रेत पाहत आणि रोगाचे नाव सांगत. त्यांना दर प्रेतामागे काही पेनी मिळत.

जॉन ग्राँट नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने ही पत्रके गोळा केली आणि १६६२ साली त्यांवर पुस्तक लिहिले. दुकानदाराची नजर ती! आकडा कुठे खोटा लागतो हे त्याला चटकन कळे. या बायकांना बिअरचा पेला पाजला आणि नेहमीच्या दुप्पट पैसे हातावर ठेवले, की गरमीने मेलेला माणूस वहीत क्षयाने मरतो, हे त्याने स्पष्ट लिहून ठेवले. प्लेगचे तर विचारूच नका. ज्या घरात प्लेग निघे त्याच्या दारावर तांबडा क्रूस काढून आतल्या धडधाकट माणसांसकट चाळीस दिवस कुलूप ठोकीत. मग कोणता बाप आपल्या पोराला प्लेग झाला म्हणून सांगेल? ग्राँटने साधी युक्ती केली. प्लेगच्या वर्षी इतर रोगांचे आकडेही एकाएकी का फुगतात, हे त्याने नेहमीच्या वर्षांशी ताडून पाहिले. लिहिलेल्यापेक्षा सुमारे चौथा हिस्सा माणसे प्लेगने अधिक मेली, असा त्याचा हिशेब निघाला. तीनच वर्षांनी, १६६५ साली, लंडनवर मोठा प्लेग कोसळला. पत्रकांत एकूण ९७,३०६ मृत्यू आहेत आणि त्यांतले प्लेगचे ६८,५९६. उरलेल्यांतले खरोखर किती प्लेगचे, हे त्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक!

पुढे १८३७ साली इंग्लंडात जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. विल्यम फार या डॉक्टराने रोगांच्या नावांना शिस्त लावण्याचा ध्यास घेतला. एकाच रोगाला दहा नावे आणि एकाच नावाखाली दहा रोग असतील, तर तो हिशेब काय कामाचा, असे त्याचे म्हणणे. १८८२ साली कॉखने क्षयाचा जंतू दाखविला. तेव्हापासून रोगाचे नाव लक्षणावरून नव्हे, तर गुन्हेगारावरून ठेवता येऊ लागले. पॅरिसच्या जाक बर्तियों याने १८९३ साली शिकागोच्या परिषदेत सर्व देशांसाठी मृत्युकारणांची एक यादी मांडली.

यादी तयार होऊन तीनच वर्षे झाली होती, तोच आपल्या मुंबईची परीक्षा आली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी रोग ओळखला आणि प्लेग हे नाव उघडपणे उच्चारले. व्यापाराचे बंदर, हे नाव कोणालाच नको होते. त्या काळी इंग्रजी अमलातल्या वह्यांत ‘ताप’ हा सर्वांत मोठा रकाना असे. गावकामगाराला जे कळेना ते तापात जाई. (शाळेत पालकांच्या चिठ्ठ्या वाचताना मला अजून त्या रकान्याची आठवण होते.) मुंबईत पुष्कळ प्लेग याच रकान्यात लपला. नाव कळले की रोग्याला बळेच इस्पितळात नेणार, घरच्यांना छावणीत टाकणार, चीजवस्तू जाळणार. चाळींच्या भिंतींवर दर मृत्यूमागे लाल वर्तुळ काढीत. लंडनचा क्रूस येथे गोल झाला, एवढेच! शेवटी अधिकाऱ्यांनाही ग्राँटचीच युक्ती करावी लागली. आधीच्या वर्षांची सरासरी वजा घालून जास्तीचे मृत्यू मोजावयाचे आणि त्यांवरून खऱ्या प्लेगचा अदमास बांधावयाचा. पुण्यात तर सोल्जर घरोघर शिरून रोगी हुडकू लागले. त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झडली. याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. ज्या रोगाचे नाव लोक लपवीत होते, त्या रोग्यांना त्यांनी जवळ केले होते.

बर्तियोंची यादी पुढे वाढत गेली. १९४८ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तिच्यात मेलेल्यांबरोबर जिवंत रोग्यांचेही आजार आले. दहाव्या आवृत्तीत पटकीचा क्रमांक ए ००, प्लेगचा ए २०. क्रमांकाला लाज नाही, जात नाही, बंदराची चिंता नाही. परंतु तो मिळतो डॉक्टराने कागदावर लिहिलेल्या शब्दांवरूनच. ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिले, तर त्यातून काहीच कळत नाही. ती तर प्रत्येकाचीच बंद पडते! म्हणून मृत्यूच्या दाखल्यावर एकाखाली एक ओळी असतात: शेवटी काय झाले, ते कशामुळे, आणि त्याच्या मुळाशी काय. जंतू कोणता हे तपासलेच नसेल, तर पुष्कळदा शेवटी नऊचा आकडा पडतो. ए ००.९ म्हणजे पटकी, प्रकार सांगितलेला नाही. ‘ताप’चा जुना रकाना असा एका आकड्यात येऊन बसला आहे.

१९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावी आणि पाठोपाठ सुरतेत प्लेगची हाकाटी उठली. लोक गाड्या भरभरून सुरत सोडून गेले. या खेपेस नाव लपविण्याची घाई नव्हती, सर्वांच्या तोंडी तेच होते. भांडण झाले ते पुराव्याचे: हा खरोखर प्लेगच काय, जंतू कोणी पाहिला, कोणत्या प्रयोगशाळेत? डॉ. रामलिंगस्वामी यांच्या समितीने नमुने तपासून तो प्लेगचाच जंतू असल्याचा निर्वाळा दिला.