नायलॉनच्या तारांची गिटार : क्लासिकल घ्यावी की फ्लॅमेंको?

उपासनेतील गायनाला गिटारची साथ आता आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. नाताळ जवळ आला की गायनवृंदासाठी नवी गिटार घेण्याचा विषय निघतो आणि बारामती-इंदापूरकडील तरुण त्यासाठी पुण्याची वाट धरतात. बारामतीहून हे अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे, इंदापूरहून त्याहूनही अधिक. चुकीचे वाद्य घरी आले तर ते बदलून आणणे सोपे नसते. शिवाय पैसा बहुधा वर्गणीचा असतो. म्हणून नायलॉनच्या तारांच्या दोन गिटारींची बांधणी कशी असते आणि कोणती आपल्या पैशाचे मोल देते, याविषयीची माहिती आम्ही येथे देत आहोत.

एकच मूळ, दोन वाटा

या दोन्ही गिटारींचा आराखडा मुख्यतः स्पेनमधील अल्मेरिया येथील कारागीर आन्तोनियो दे तोरेस (१८१७-१८९२) याच्याकडून आला आहे. तारेची सुमारे ६५० मिलिमीटर लांबी आणि तबलीच्या आतून पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरलेल्या पातळ पट्ट्या ही रचना त्याच्यामुळे रूढ झाली. तबली म्हणजे गिटारची पुढची पातळ फळी. १८६२ साली तोरेसने पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या असलेली एक गिटार बनविली. आवाज मुख्यत्वे तबली घडविते, हे त्याला दाखवून द्यायचे होते. गिटार विकत घेणाऱ्याने हा धडा विसरू नये. त्या काळी तारा आतड्याच्या असत. नायलॉनच्या तारा १९४० च्या दशकात कारागीर आल्बर्ट ऑगस्टीन आणि थोर वादक आन्द्रेस सेगोविया यांच्या प्रयत्नांतून प्रचारात आल्या.

बांधणीतील फरक

क्लासिकल गिटारची तबली स्प्रूस किंवा सीडरची आणि पाठ व कडा बहुधा शिसवीच्या असतात. तिचा आवाज भरदार असतो व स्वर लांबतो. फ्लॅमेंको गिटारची पाठ व कडा परंपरेने सायप्रसच्या, म्हणजे सरूच्या लाकडाच्या असतात. (आपल्या किनाऱ्यावरील सुरू हे झाड वेगळे.) तिचे लाकूड अधिक पातळ, पोट कमी खोल आणि वजन हलके असते. तारा मानेच्या अधिक जवळ असतात. बोटांनी ठोके देताना तबलीला चरे पडू नयेत म्हणून तिच्यावर पातळ पारदर्शक पट्टी बसविलेली असते. तिचा स्वर झटकन उमटतो आणि लवकर विरतो. नृत्याच्या साथीला तेच हवे असते.

हलकी म्हणजे हलक्या प्रतीची, असा समज येथे करून घेऊ नये. फ्लॅमेंको गिटारमध्ये तारांची किंचित खरखर ऐकू येते, तीही दोष मानली जात नाही. आपल्या तंबोऱ्याची जवारी आठवली म्हणजे हे लगेच पटेल.

शिसवीची किंमत

पूर्वी स्पेनमधील कारागिरांना सायप्रस जवळच मिळे आणि परदेशाहून आणलेल्या शिसवीपेक्षा स्वस्त पडे. ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर १९९२ पासून सायटिस कराराने कडक निर्बंध आले आणि जगभरच्या कारागिरांची भिस्त भारतीय शिसवीवर वाढली. आपल्या पश्चिम घाटातही हे झाड वाढते. २०१७ च्या आरंभी शिसवीच्या कुळातील साऱ्या जाती करारात समाविष्ट झाल्या. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली. मात्र स्वस्त गिटारवर शिसवीसारखा रंग दिसला तरी आत बहुधा प्लायच असते. रंगासाठी जादा पैसे मोजू नयेत.

आपल्या हवेचा विचार

तबली सलग लाकडाची आहे की प्लायची, हे मधल्या गोल छिद्राच्या कडेला दिसते. वरच्या रेषा जाडीतही उतरलेल्या असल्या तर लाकूड सलग. थर दिसले तर प्लाय. सलग तबलीचा आवाज सरस असतो आणि वापराने खुलतो. परंतु तिला हवेतील ओलावा ४५ ते ५५ टक्के असलेला मानवतो. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. येथील एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तबली आक्रसून खाली बसते, तारा फ्रेटना लागू लागतात आणि कधी लाकडाला चीर जाते. पावसाळ्यात ती फुगते व तारा वर उचलल्या जातात. फ्लॅमेंको गिटारमध्ये तारा आधीच खाली असल्याने उन्हाळ्यातील एवढासा बदलही तिला बाधतो.

दुकानात काय पाहावे

मान एका डोळ्याने टोकाकडून पाहावी. ती पिळलेली नसावी. फ्रेटच्या कडांवरून बोट फिरवावे. टोके बोचत असतील तर मानेचे लाकूड सुकलेले आहे. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची क्लासिकल गिटारला सुमारे ४ मिलिमीटर, फ्लॅमेंकोला सुमारे ३ मिलिमीटर असावी. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून पाहावी. ब्रिज तबलीपासून सुटू लागलेला नसावा.

आणखी एक सूचना महत्त्वाची. या गिटारींना स्टीलच्या तारा कधीही लावू नयेत. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण सुमारे ४० किलो असतो, तर स्टीलच्या तारांचा सुमारे ७० किलो. त्या ताणाने ब्रिज उखडतो किंवा तबली वाकते.

आमचे मत

अनेक हातांत फिरणाऱ्या, कपाटात राहणाऱ्या सामायिक गिटारसाठी सरळ मानेची, प्लायची क्लासिकल गिटार पुरेशी आहे. ती उन्हाळा सोसते. नियमित सराव करणाऱ्या व वाद्य जपणाऱ्या वादकाने सलग तबलीची क्लासिकल गिटार घ्यावी. ती पेटीत ठेवावी आणि उन्हाळ्यात पेटीत भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवावा. फ्लॅमेंको गिटार मात्र ते वादन खरोखर शिकणाऱ्यासाठीच. गायनवृंदाला स्वर धरून ठेवणारी साथ हवी असते, आणि ते काम क्लासिकल गिटारच अधिक चांगले करते.