मॅस्टोडॉनवरील संवाद

मॅस्टोडॉनवरील संवाद : मॅस्टोडॉन या विकेंद्रित समाजमाध्यमावर सामान्य वापरकर्त्याला ओळखी कशा होतात, उत्तरे कुठून येतात आणि संभाषण कशाच्या बळावर टिकते, याविषयीची नोंद. इतर मोठ्या समाजमाध्यमांवर कोणाला काय दिसावे हे कंपनीचा अल्गोरिदम ठरवतो. मॅस्टोडॉनच्या मुख्य टाइमलाइनवर तशी निवड होत नाही. आपण ज्यांना फॉलो करतो त्यांच्या पोस्ट, नवी आधी आणि जुनी नंतर, एवढाच तिथला क्रम. त्यामुळे माणसे जमवण्याचे, नव्या माणसाला पुढे आणण्याचे आणि विषय चालता ठेवण्याचे काम वापरकर्त्यांनाच करावे लागते. या माध्यमाचे बरेचसे गुण आणि जवळपास सगळ्या तक्रारी यातून निघतात.

पार्श्वभूमी : जर्मनीतील ऑयगेन रोख्को या तरुण प्रोग्रामरने २०१६ मध्ये मॅस्टोडॉन हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर लोकांसमोर आणले. त्याआधी २००८ मध्ये कॅनडातील इव्हान प्रोड्रोमू यांनी ‘आयडेंटिका’ हे संकेतस्थळ याच कल्पनेवर सुरू केले होते, पण ते प्रामुख्याने संगणकवाल्यांच्या वर्तुळात राहिले. मॅस्टोडॉनचे जाळे अनेक स्वतंत्र सर्व्हरांचे मिळून बनते. कुठला सर्व्हर एखादा हौशी माणूस स्वतःच्या खर्चाने चालवतो, कुठला एखादी संस्था, कुठला सरकारी कार्यालय. ईमेलचा पत्ता कोणत्याही सेवेचा असला तरी पत्र सगळीकडे पोचते, तसेच एका सर्व्हरवरचे खाते दुसऱ्या सर्व्हरवरच्या खात्याशी बोलू शकते. त्यासाठी लागणारी ‘ॲक्टिव्हिटीपब’ ही संदेशवहनाची नियमावली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २३ जानेवारी २०१८ रोजी अधिकृत शिफारस म्हणून मान्य केली. छायाचित्रांसाठीचे पिक्सेलफेड, व्हिडिओंसाठीचे पीअरट्यूब, गटचर्चेसाठीचे लेमी आणि जपानमध्ये लोकप्रिय असलेले मिसकी हीच नियमावली वापरतात. या सगळ्यांना मिळून ‘फेडिव्हर्स’ म्हणतात.

पहिले दिवस : नव्या वापरकर्त्याला सर्वांत आधी जाणवतो तो शुकशुकाट. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस एलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतले आणि लोकांचा लोंढा इकडे वळला. रोख्को यांनीच दिलेल्या आकड्यांनुसार दरमहा सक्रिय वापरकर्ते ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांवर गेले. पुढे हा पूर बराच ओसरला. परत गेलेल्यांची नेहमीची तक्रार अशी की इथे कोणी बोलतच नाही. ती खोटी नव्हती. ज्याने कोणालाच फॉलो केलेले नाही त्याची मुख्य टाइमलाइन रिकामीच राहते. ज्याला कोणी फॉलो करत नाही त्याची पोस्ट त्याच्या सर्व्हरच्या सार्वजनिक टाइमलाइनवरून काही मिनिटांत खाली सरकते. अल्गोरिदम नवख्यांना थोडे प्रेक्षक आयते मिळवून देतो. ही उसनवारी इथे मिळत नाही.

म्हणून इथली पहिली रीत परिचयाची. ‘इंट्रोडक्शन’ या हॅशटॅगखाली स्वतःविषयी चार ओळी लिहायच्या, आपल्या आवडीचे विषय हॅशटॅग म्हणून जोडायचे आणि ती पोस्ट प्रोफाइलवर पिन करायची. हा हॅशटॅग न्याहाळून नवख्यांचे स्वागत करणारे आणि त्यांच्या पोस्ट पुढे पाठवणारे जुने वापरकर्ते असतात. प्रोफाइल-चित्र नाही, परिचय नाही, एकही पोस्ट नाही अशा खात्याला मात्र फॉलोची विनंती मान्य होणेही कठीण जाते. नवख्यांना ही शिस्त जाचक वाटते, पण शिफारस करणारे यंत्र नसताना अनोळखी माणसाला जोखण्याचे दुसरे साधन कोणापाशीच नाही.

सर्व्हरची निवड : प्रत्येक सर्व्हरला दोन सार्वजनिक टाइमलाइन असतात. एकीत त्याच सर्व्हरच्या सदस्यांच्या पोस्ट येतात, दुसरीत बाहेरून तिथवर पोचलेल्या. दुसरी टाइमलाइन म्हणजे सगळे फेडिव्हर्स नव्हे, हे बहुतेकांच्या उशिरा लक्षात येते. सर्व्हरकडे बाहेरची पोस्ट येते ती मुख्यतः त्याचा एखादा सदस्य त्या लेखकाला फॉलो करत असला किंवा फॉलो केलेल्या कोणी ती ‘बूस्ट’ करून आपल्या फॉलोअरांकडे पुढे पाठवली, तर. म्हणजे एका सर्व्हरवर राहणाऱ्यांच्या आवडीनिवडी मिळून त्याचे जग ठरते. एकट्यासाठी सर्व्हर उभारणाऱ्याला म्हणूनच सुरुवातीला भयाण शांतता सोसावी लागते. त्यावर उतारा म्हणून काही चालक ‘रिले’ जोडतात. रिले अनेक सर्व्हरांच्या सार्वजनिक पोस्ट एकत्र करून सगळ्यांना वाटते.

संभाषण मिळवण्याच्या दृष्टीने विषयवार सर्व्हर फार उपयोगी ठरले आहेत. याचे उत्तम उदाहरण म्हणजे गणितप्रेमींचा ‘मॅथस्टोडॉन’. तिथे पोस्टमध्ये गणिती सूत्रे नीट मांडता येतात आणि फील्ड्स पदकविजेते गणितज्ञ टेरेन्स ताओ तिथे नियमित लिहितात. शाळेतल्या भूमितीचे कोडे टाकणारा शिक्षक आणि संशोधक एकाच स्थानिक टाइमलाइनवर भेटतात. शिक्षकाच्या कोड्याला उत्तर मिळायला त्याचे हजारो फॉलोअर असावे लागत नाहीत. ‘मॅस्टोडॉन डॉट सोशल’ या सर्वांत मोठ्या सर्व्हरवर खाते काढणे सोपे, पण तिथली स्थानिक टाइमलाइन इतक्या वेगाने वाहते की शेजार असा काही उरतच नाही. नवख्यांना मात्र बहुधा तिकडेच धाडले जाते.

हॅशटॅग : पोस्टमधील कोणताही शब्द शोधण्याची सोय मॅस्टोडॉनमध्ये अनेक वर्षे मुद्दामच ठेवली नव्हती. अनोळखी लोकांनी शब्द शोधत येऊन झुंडीने अंगावर जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. सप्टेंबर २०२३ मधील ४.२ या आवृत्तीत ती सोय आली, तीही ज्याने स्वतःच्या पोस्ट शोधात दिसू द्यायला संमती दिली असेल त्याच्यापुरती. त्यामुळे विषयाचा माग काढायचा तर हॅशटॅग हाच हमरस्ता ठरला. नोव्हेंबर २०२२ मधील ४.० या आवृत्तीपासून माणसाप्रमाणे हॅशटॅगलाही फॉलो करता येते. ज्यांची कोणाशीच ओळख नाही त्यांना या एका सोयीने जेवढा हात दिला तेवढा दुसऱ्या कशानेच दिला नसेल.

काही हॅशटॅगांभोवती ठरलेल्या वाराच्या बैठका तयार झाल्या आहेत. शनिवारी मांजरांची छायाचित्रे टाकण्याचा ‘कॅटरडे’, रविवारी शब्दांवाचून एकच छायाचित्र मांडण्याचा ‘सायलेंट संडे’, शुक्रवारी खिडक्यांची छायाचित्रे दाखवण्याचा जर्मन ‘फेन्स्टरफ्रायटाग’ हे त्यांतले ओळखीचे. ‘मॉन्स्टरडॉन’मध्ये लोक आपापल्या घरी एकाच वेळी एखादा जुना राक्षसपट लावतात आणि हॅशटॅगखाली शेरेबाजी करत तो एकत्र पाहतात. विषय आधीच ठरलेला असल्याने तोंड उघडायला निमित्त शोधावे लागत नाही. लाजऱ्या माणसाची इथे सोय होते.

रोमन लिपीतील जोडशब्दी हॅशटॅगमध्ये प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे लिहिण्याचा आग्रह धरला जातो, कारण दृष्टिहीनांसाठीचे वाचक-सॉफ्टवेअर मग ते शब्द वेगळे उच्चारू शकते. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत, तेव्हा शब्दांमध्ये अंडरस्कोर देणे हा मार्ग उरतो. छायाचित्राला शब्दांत वर्णन जोडण्याची चालही इथे पक्की आहे. वर्णन नसलेले चित्र पुढे पाठवायचे नाही, असे ठरवून असलेले वापरकर्ते कमी नाहीत.

उत्तर, बूस्ट आणि तारा : पोस्ट आवडल्याची खूण म्हणून तारा देता येतो. पण त्याने ती पोस्ट कोणाच्याही मुख्य टाइमलाइनवर वर येत नाही. आवडल्याची पोच लेखकाला मिळते, इतकेच. पोस्ट दूरवर न्यायची तर बूस्टच करावे लागते. दुसऱ्या माध्यमांवरून आलेली माणसे सवयीने तारे देत राहतात आणि चांगल्या पोस्टही त्यांच्या हाताशीच थांबतात. काही सर्व्हरांवर बूस्ट आणि तारे यांच्या आधारे चर्चेतल्या पोस्टची वेगळी यादी दिसते, पण ती पाहायला मुद्दाम जावे लागते.

आकड्यांबाबतही इथली वृत्ती वेगळी आहे. दीर्घकाळ टाइमलाइनवर उत्तरांची नेमकी संख्या दिसतच नसे; एकाहून अधिक उत्तरे असली की नुसते ‘१+’ उमटे. तारे आणि बूस्ट यांचे आकडेही प्रत्येक सर्व्हर त्याला ठाऊक असलेलेच दाखवत आला आहे, म्हणून एकच पोस्ट दोन ठिकाणी कमीअधिक लोकप्रिय भासू शकते. ज्यांचा व्यवसायच आकड्यांवर चालतो त्यांना हे सोसत नाही. गप्पांसाठी आलेल्यांचे त्यावाचून काही अडत नाही.

क्रम वेळेचा असल्याने वेळ साधणे महत्त्वाचे ठरते. भारतात सकाळी ९ वाजता टाकलेली पोस्ट जर्मनीत हिवाळ्यात पहाटे साडेचारला पोचते, आणि तिथली माणसे उठेपर्यंत ती खाली गेलेली असते. म्हणून स्वतःची पोस्ट काही तासांनी स्वतःच पुन्हा बूस्ट करणे येथे आत्मप्रौढी मानले जात नाही.

तुटलेले धागे : विकेंद्रित रचनेचा सर्वांत कमी बोलला गेलेला तोटा उत्तरांच्या धाग्यात दिसतो. पोस्ट आपल्या सर्व्हरवर आली तरी तिला इतर सर्व्हरांवरून आलेली उत्तरे आपल्याकडे येतीलच असे नाही. परिणामी ‘अमुक पुस्तक कुठे मिळेल’ या साध्या प्रश्नाला वीस जण तेच उत्तर देतात, कारण प्रत्येकाला आपण पहिलेच आहोत असे दिसत असते. आगाऊपणे शिकवायला येणाऱ्या अनोळखी पुरुषांविषयी स्त्रियांच्या तक्रारी येथे फार आहेत. त्यांतला काही भाग स्वभावाचा, काही या तांत्रिक फटीचा. २०२५ मधील आवृत्त्यांत राहिलेली उत्तरे इतर सर्व्हरांवरून मागवून घेण्याची व्यवस्था आली. तोवर अनुभवी मंडळी मूळ पोस्टचा दुवा उघडून तिच्या घरच्या सर्व्हरवरच संपूर्ण धागा वाचत.

अवतरणाचा वाद : दुसऱ्याची पोस्ट उद्धृत करून वर स्वतःचे भाष्य लिहिण्याची सोय रोख्को यांनी सुरुवातीला नाकारली. अशा भाष्यातून हेटाळणी वाढते, असे त्यांचे मत होते. २०२२ मध्ये ट्विटरवरून आलेल्या अनेक कृष्णवर्णीय अमेरिकी वापरकर्त्यांना ही उणीव खटकली. त्यांच्या संभाषणशैलीत अवतरण म्हणजे सादाला प्रतिसाद होता. वंशवादाचे अनुभव ‘आशय-इशाऱ्या’च्या पडद्याआड लिहा, असा जो आग्रह काही जुन्या सदस्यांनी त्यांच्याकडे धरला, त्याने दुखावलेपण आणखी वाढले. मूळच्या गोऱ्या, तंत्रज्ञ वर्तुळाचे शिष्टाचार सर्वांचे म्हणून खपवले गेले, हा आक्षेप रास्त होता. अखेर २०२५ मध्ये अवतरणाची सोय आली. आपली पोस्ट कोणी उद्धृत करावी हे मूळ लेखक ठरवू शकतो आणि दिलेली परवानगी मागेही घेऊ शकतो.

पोस्टच्या दृश्यतेच्याही पायऱ्या आहेत : सर्वांसाठी, सार्वजनिक टाइमलाइन टाळून सर्वांसाठी, फक्त फॉलोअरांसाठी आणि फक्त उल्लेख केलेल्यांसाठी. शेवटच्या प्रकाराला खासगी संदेश समजण्याची चूक सर्रास होते. तो पूर्णतः कूटबद्ध नसतो, सर्व्हरचालक तो तांत्रिकदृष्ट्या वाचू शकतो आणि त्यात तिसऱ्या कोणाचे खाते @ लावून लिहिले तर त्यालाही तो पोचतो. चुगली करताना हे विसरलेल्यांची फजिती ठरलेली.

भारत आणि मराठी : भारतात मॅस्टोडॉनचे नाव मोठ्या प्रमाणावर ऐकू आले ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केल्याच्या निषेधार्थ पत्रकार, वकील, कार्यकर्ते असे अनेक जण इकडे आले. तो ओघ टिकला नाही. निषेध म्हणून खाते काढणे एका दुपारचे काम, पण ज्यांच्याशी रोज बोलायचे ती माणसे जुन्याच जागी राहिली होती.

मराठीत लिहिणाऱ्यापुढे वेगळी अडचण असते. देवनागरीतला ‘मराठी’ आणि रोमन लिपीतला ‘मराठी’ हे सॉफ्टवेअरच्या लेखी दोन स्वतंत्र हॅशटॅग आहेत, आणि मुळात थोडे असलेले वाचक त्यांत विभागले जातात. दोन्ही देणे शहाणपणाचे. पोस्ट लिहिताना तिची भाषा निवडता येते आणि त्या यादीत मराठी आहे. ती न निवडल्यास मराठी मजकुरावर इंग्रजीचा शिक्का बसू शकतो आणि सार्वजनिक टाइमलाइनवर फक्त मराठी पोस्ट पाहण्याची गाळणी लावणाऱ्याला तो दिसत नाही. परगावच्या सर्व्हरवरील एकट्या मराठी माणसाने आणखी दहा मराठी खात्यांना फॉलो केले की त्या सर्व्हरपर्यंत मराठी मजकूर येऊ लागतो आणि तिथे नंतर येणाऱ्याला तो शोधावा लागत नाही.

इतर माध्यमे : ब्लूस्काय हे माध्यम ‘एटी प्रोटोकॉल’ या निराळ्या नियमावलीवर उभे असून ते फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वांना खुले झाले. वापरकर्त्यांनी स्वतः बनवलेली विषयवार फीड आणि एका फटक्यात अनेकांना फॉलो करता येणारे ‘स्टार्टर पॅक’ यांमुळे तिथे पहिल्या दिवसांचा शुकशुकाट पुष्कळ कमी होतो. मात्र त्याचा बहुतांश व्यवहार एकाच कंपनीच्या यंत्रणेवरून चालत आल्याने त्याला विकेंद्रित म्हणावे का, यावर मतभेद आहेत. मेटा कंपनीच्या थ्रेड्सने मार्च २०२४ पासून काही देशांत फेडिव्हर्सशी मर्यादित जोडणी सुरू केली. मॅस्टोडॉनच्या अनेक सर्व्हरांनी ती आधीच रोखून ठेवली होती. एका सर्व्हरने दुसऱ्याशी असा संबंध तोडला की दोन्हीकडच्या सदस्यांमधील चालू संभाषणेही बंद पडतात, त्यांचा त्या वादाशी संबंध असो वा नसो.

स्थलांतर : सर्व्हर पटला नाही तर खाते हलवता येते. फॉलोअर नव्या पत्त्यावर आपोआप येतात. फॉलो केलेल्यांची यादी फाइलच्या रूपात उतरवून नव्या खात्यात भरावी लागते. जुन्या पोस्ट आणि त्यांखालची उत्तरे सोबत येत नाहीत, ती जुन्या सर्व्हरवर राहतात. तो बंद पडला तर इतर सर्व्हरांवर पोचलेल्या प्रती तेवढ्या उरतात. स्वतःच्या पोस्टांची प्रत सेटिंगमधून मागवता येते. दुसऱ्यांनी दिलेली उत्तरे त्या प्रतीत नसतात.