दोन मृगांच्या मधले पुस्तक

गेल्या जानेवारीत निफाडजवळच्या एका कांद्याच्या शेतात रात्री दारे धरणाऱ्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेलो होतो. त्याचा शाळकरी मुलगा बॅटरी घेऊन बांधावर उभा होता. त्याला मी माथ्याजवळ आलेला मृग दाखवला : चार कोपऱ्यांचे चार तारे, मध्ये ओळीने तीन. तो म्हणाला, “मृग तर जूनमध्ये लागतो ना, काका? मग हा आत्ता इथं कसा?”

मुलाने ‘ओरायन’ हे नाव कुठेतरी वाचलेले होते आणि घरच्या कॅलेंडरात मृगही पाहिला होता. हे दोन्ही एकच आहेत, हे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते. मराठीत नवशिक्यांसाठी लिहिल्या गेलेल्या खगोलविषयक पुस्तकांकडे मी त्या रात्रीपासून याच प्रश्नाच्या बाजूने पाहू लागलो.

उत्तर अवघड नाही. मृग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. हे ७-८ जूनच्या सुमारास घडते. तेव्हा ते तारे सूर्याबरोबर उगवतात, सूर्याबरोबर मावळतात, म्हणून दिसत नाहीत. सहा महिन्यांनी सूर्य आकाशाच्या दुसऱ्या बाजूला जातो आणि मृग रात्रभर आपला होतो. पेरणी ज्या नक्षत्रावर करायची ते पेरणीच्या वेळी दिसत नाही. दिसते ते रब्बीला पाणी देताना. एवढे समजले की पंचांग आणि आकाश एकमेकांना जोडले जातात. हा सांधा जुळवणे हेच नवशिक्यांच्या पुस्तकाचे पहिले काम, असे माझे मत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी शाळांसाठी निघालेली शास्त्रीय पुस्तके बहुतांशी इंग्रजीवरून बेतलेली होती. पृथ्वी गोल आहे, ती सूर्याभोवती फिरते, हे सांगायला अशी पुस्तके पुरेशी होती. भूमिती आणि रसायनशास्त्र भाषांतराने येऊ शकते. आकाशाचे तसे नाही, कारण ते अक्षांशाप्रमाणे बदलते. निफाड २० अंश उत्तरेला आहे, म्हणून इथे ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे २० अंशांवरच दिसतो. लंडनला तो ५१ अंशांवर असतो. उलट अगस्त्य हा व्याधाखालोखाल तेजस्वी तारा निफाडहून दक्षिणेला सुमारे १७ अंश वर येतो आणि लंडनला कधीच उगवत नाही. तिकडच्या नकाशाचे शब्द मराठीत आणले तरी अगस्त्य त्यात येणार नाही.

या पार्श्वभूमीवर शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे महत्त्व कळते. जन्म १८५३, दापोलीजवळच्या मुरूडचा. मॅट्रिकच्या पुढे इंग्रजी शिक्षण झाले नाही. ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा ठिकाणी शिक्षकी करत त्यांनी आयुष्य काढले आणि १८९८ साली, पंचेचाळिशीही गाठण्यापूर्वी, ते गेले. त्यांचे नाव घेतले जाते ते १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ या ग्रंथासाठी, आणि ते रास्तच आहे. पण त्याच्या चार वर्षे आधी, १८९२ मध्ये, त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ काढले होते. त्याचे दुसरे नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे दोन घटका पाऊण तासाहून थोड्या अधिक. जेवणे आटोपल्यावर अंगणात बसण्याएवढाच हा वेळ, आणि तोही अभ्यासाचा म्हणून नव्हे, मौजेचा म्हणून मागितलेला.

वाङ्मयेतिहासात हे पुस्तक मोठ्या ग्रंथाची पायरी म्हणून येते. मला हा क्रम मान्य नाही. मोठा ग्रंथ विद्वानांना उद्देशून होता, आणि त्याला विद्वान मिळाले. लहान पुस्तकाला वाचक घडवायचा होता. वेदकाळाचा निर्णय कृत्तिकांच्या उदयावरून करू पाहणारा माणूस रात्रीच्या करमणुकीचे पुस्तक लिहितो, यात मला शिक्षकाचा पेशा दिसतो.

इथे निफाडची आठवण अपरिहार्य आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी इथलाच. मराठीत ग्रंथ वाढावेत म्हणून १८९४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्सलेशन सोसायटी’ स्थापन झाली. पुढे तीच ग्रंथोत्तेजक संस्था म्हणून ओळखली गेली. भाषांतराची गरज होतीच. पण दीक्षितांची दोन पुस्तके या सालाच्या दोन बाजूंना उभी आहेत आणि भाषांतराने न भागणारी गरज कोणती, ते दाखवतात.

ती गरज आजही आहे. निरयन पंचांगातले मृग नक्षत्र ऋतूंच्या मानाने सुमारे ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. रानड्यांच्या जन्मापासून ते दोन-अडीच दिवस सरकले आहे. दीक्षित सायन पंचांगाच्या बाजूचे होते ते याच कारणाने. सायन पंचांग लोकांनी स्वीकारले नाही. पण पेरणीची तारीख का सरकते, हे शेतकऱ्याच्या मुलाला समजावे, एवढे तरी पुस्तकाने करायला हवे.

दीक्षितांनंतर वाट ओस पडली नाही. १९२८ मध्ये ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघाले, १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था उभी राहिली. मोहन आपटे यांनी सोप्या मराठीत खगोलावर विपुल लिहिले. जयंत नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’ घरोघर पोचले. २०२१ चे साहित्य संमेलन नाशिकला भरले तेव्हा अध्यक्ष नारळीकर होते. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, तरी खगोलशास्त्रज्ञाला मराठी साहित्याने दिलेला तो मान आमच्या जिल्ह्यात दिला गेला.

त्या मुलाला मी अजून नेमके पुस्तक देऊ शकलेलो नाही. चांगली पुस्तके आहेत. पण जूनचा मृग आणि जानेवारीचा मृग पहिल्याच पानावर जोडून देणारे, अगस्त्य कुठल्या दिशेला पाहायचा ते त्याच्या बांधावरून सांगणारे पुस्तक मी शोधतो आहे. तोवर दिवाळीची अमावास्या आहे. लक्ष्मीपूजन झाले, दिवे मंदावले, की गच्चीवर जावे. कार्तिकाला नाव देणाऱ्या कृत्तिका पूर्वेला वर आलेल्या असतील. नऊ-साडेनऊनंतर त्यांच्याखाली मृग उगवेल. दोन घटका पुरेत.