शुक्रवारची शिल्लक : तुटीचा अर्थभरणा, सार्वजनिक ऋण आणि भारताची आर्थिक वाढ (१९५५-१९९७)

प्रास्ताविक

सार्वजनिक खर्च, राष्ट्रीय ऋण आणि आर्थिक वाढ यांच्या परस्परसंबंधांची चर्चा भारतात बहुधा १९९१ च्या संकटापासून सुरू केली जाते. त्या वर्षीच्या मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोने पुनर्खरेदीच्या अटीवर परदेशी विकले गेले आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने तारण म्हणून देशाबाहेर गेले. ही घटना लोकस्मृतीत ठळक राहिली, हे स्वाभाविकच होय. तथापि, ज्या यंत्रणेतून सरकारी तूट वर्षानुवर्षे भरून निघत गेली, ती यंत्रणा १९५५ ते १९५७ या तीन वर्षांत उभी राहिली होती. मुक्त अर्थव्यवस्थेच्या पुरस्कर्त्यांचे नियोजनावरील आक्षेप सामान्यतः सार्वजनिक क्षेत्राचा विस्तार व परवाना पद्धती यांच्याशी जोडले जातात. त्यांचा अधिक मूलगामी आक्षेप मात्र वेगळा होता : सरकारच्या खर्चाला नकार देऊ शकेल अशी संस्थाच व्यवस्थेत शिल्लक राहत नाही, हा तो आक्षेप. त्याचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शेणॉय यांची भिन्नमतपत्रिका

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत सार्वजनिक क्षेत्रासाठी ४,८०० कोटी रुपयांचा खर्च निश्चित करण्यात आला. पहिल्या योजनेतील प्रत्यक्ष खर्च १,९६० कोटी रुपये होता, हे लक्षात घेतल्यास झेपेची कल्पना येते. या ४,८०० कोटींपैकी १,२०० कोटी रुपये तुटीच्या अर्थभरण्यातून, ८०० कोटी परकीय साहाय्यातून उभे राहावयाचे होते, आणि ४०० कोटींची तजवीज कशी करावयाची हे मोकळेच ठेवण्यात आले होते. म्हणजे निम्मी योजना अशा पैशावर उभी होती की जो देशांतर्गत बचतीतून येईल याची निश्चिती नव्हती.

योजनेचा आराखडा तपासण्यासाठी नेमलेल्या अर्थशास्त्रज्ञांच्या मंडळात पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखे मान्यवर होते. मंडळाच्या निवेदनाशी असहमती नोंदविणारे एकटे बी. आर. शेणॉय. १९५५ च्या त्यांच्या भिन्नमतपत्रिकेतील युक्तिवाद साधा होता. योजनेचा आकार लोकांच्या खऱ्या बचतीने ठरतो. छापलेल्या पैशाने सिमेंट, पोलाद किंवा धान्य निर्माण होत नाही, फक्त त्यांच्यावरील मागणी वाढते. वाढलेली मागणी प्रथम भाववाढीच्या व नंतर परकीय चलनाच्या टंचाईच्या रूपाने प्रकट होईल, आणि ती दडपण्यासाठी नियंत्रणांवर नियंत्रणे लादावी लागतील, असे त्यांचे अनुमान होते.

हा इशारा ऐकला गेला नाही, यामागे केवळ तत्कालीन विचारप्रवाह नव्हता. पहिल्या योजनेच्या काळात भाव उतरले होते. पाऊसपाणी चांगले झाले होते आणि स्टर्लिंग शिलकीमुळे परकीय चलनाची गंगाजळी भरलेली होती. घरात धान्याची कणगी भरलेली असताना दुष्काळाचे बोलणाऱ्याकडे जसे पाहिले जाते, तसेच शेणॉय यांच्याकडे पाहिले गेले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदविली पाहिजे. नव्या पैशातून विकास साधण्याची कल्पना ही केवळ समाजवाद्यांची नव्हती. १९४४ च्या 'मुंबई योजने'त उद्योगपतींनी स्वतःच १०,००० कोटींपैकी ३,४०० कोटी रुपये नवनिर्मित पैशातून उभारण्याचे सुचविले होते. त्या योजनेचे एक कर्ते ए. डी. श्रॉफ यांनीच पुढे १९५६ मध्ये मुंबईत 'फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज'ची स्थापना केली. शिवाय, भाववाढीचा धोका दिसण्यासाठी मुक्त बाजारपेठेचा पुरस्कर्ता असणे आवश्यक नव्हते. मुंबई विद्यापीठातील सी. एन. वकील व पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्येच श्रमिकांना लागणाऱ्या उपभोग्य वस्तूंच्या पुरवठ्याला योजनेत अग्रस्थान असावे, असे प्रतिपादन केले होते. धान्य व कापड यांच्या पुरवठ्याकडे दुर्लक्ष करून अवजड उद्योगांवर भर देण्यातील दोष त्यांनी वेगळ्या वाटेने दाखविला.

शुक्रवारची व्यवस्था

शेणॉय यांची पत्रिका आज बऱ्यापैकी परिचित आहे. त्याच वर्षी जानेवारीत सरकार व रिझर्व्ह बँक यांच्यात ठरलेली एक प्रशासकीय व्यवस्था मात्र क्वचितच चर्चेत येते, आणि परिणामांच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची ठरली. केंद्र सरकारने रिझर्व्ह बँकेतील आपल्या खात्यात शुक्रवारी किमान ५० कोटी आणि इतर दिवशी ४ कोटी रुपये शिल्लक ठेवावी, असे ठरले. शुक्रवारीच का, तर बँकेचे साप्ताहिक विवरणपत्र त्या दिवसाच्या स्थितीवर आधारित असे. शिल्लक याहून खाली गेली की सरकारने बँकेच्या नावे ९१ दिवस मुदतीची तदर्थ कोषागार विपत्रे काढावयाची आणि बँकेने तेवढी रक्कम सरकारच्या खात्यात जमा करावयाची. यासाठी बाजारात जावे लागत नव्हते, व्याजदराची घासाघीस नव्हती, संसदेत वेगळा प्रश्न येत नव्हता. मुदत संपली की नवी विपत्रे निघत. तात्पुरत्या अडचणीसाठी काढलेली उचल अशा रीतीने कायमची झाली.

त्या वेळी अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. बँकेची शिस्त ज्यांनी आतून पाहिली होती, त्यांच्याच कारकिर्दीत ही सोय व्हावी, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. एवढ्या कारकुनी दिसणाऱ्या तरतुदीतून काय घडू शकेल, याचा अंदाज तेव्हा बहुधा कोणालाच आला नसावा.

दुसरा लगामही याच सुमारास सैल झाला. मूळ कायद्यानुसार चलनी नोटांच्या किमान ४० टक्के इतके सोने व परकीय रोखे बँकेजवळ असणे बंधनकारक होते. १९५६ च्या दुरुस्तीने हे प्रमाण रद्द होऊन ११५ कोटींचे सोने व ४०० कोटींचे परकीय रोखे अशी ठरावीक रक्कम पुरेशी मानली गेली. वर्षभरातच तीही पुरेनाशी झाली आणि १९५७ मध्ये मर्यादा एकूण २०० कोटींवर आणण्यात आली. मार्च १९५६ अखेर सुमारे ९०० कोटी असलेली परकीय चलनाची गंगाजळी दोन वर्षांत निम्म्याहून खाली गेली होती. जानेवारी १९५७ मध्ये गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याशी झालेल्या मतभेदातून राजीनामा दिला. निमित्त हुंड्यांवरील मुद्रांक शुल्काचे होते. मुद्दा होता व्याजदराबाबतचा निर्णय कोणाचा, हा. पंतप्रधान नेहरूंनी अर्थमंत्र्यांची बाजू घेतली. ऑगस्ट १९५८ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने मदत देणाऱ्या देशांची पहिली बैठक भरली.

नियोजनाच्या समर्थकांची बाजूही कमकुवत नव्हती. दुसऱ्या योजनेतील प्रत्यक्ष तुटीचा अर्थभरणा १,२०० नव्हे, तर सुमारे ९५० कोटी इतकाच झाला आणि वार्षिक वाढीचा दर ४.५ टक्क्यांच्या लक्ष्याच्या जवळपास राहिला. परंतु योजनाकाळात घाऊक किमती सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्या. तिसऱ्या योजनेत ५५० कोटींचा अंदाज असताना तूट त्याच्या दुपटीवर गेली, वाढीचा दर ३ टक्क्यांच्याही खाली घसरला. या अपयशात दोन युद्धे व १९६५ चा दुष्काळ यांचा वाटा मोठा होता. सर्व दोष तुटीच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. जून १९६६ च्या अवमूल्यनाने मात्र रुपयाची कृत्रिम किंमत टिकविता येत नाही, हे मान्य करावे लागले.

बँकांतील ठेवी आणि व्याजाचा भार

१९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणानंतर तूट भरण्याचा दुसरा मार्ग प्रशस्त झाला. वैधानिक रोखता प्रमाण वाढत वाढत १९९० मध्ये ३८.५ टक्क्यांवर, तर रोख राखीव निधीचे प्रमाण १५ टक्क्यांवर पोहोचले होते. बँकेत आलेल्या १०० रुपयांच्या ठेवीतील ५३ रुपयांहून अधिक रक्कम शेतकरी, कारखानदार वा व्यापारी यांच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडकून पडत असे. मुक्त बाजारवादी भूमिकेतील 'खासगी गुंतवणूक बाजूला ढकलली जाते' हे सूत्र येथे आकड्यांत दिसते. तदर्थ विपत्रांवरील व्याजदर १९७४ पासून ४.६ टक्क्यांवर गोठविला होता. कर्ज इतके स्वस्त असल्यावर खर्चाची छाननी कोणी करावी? सुखमय चक्रवर्ती समितीने १९८५ च्या अहवालात पैशाच्या वाढीवर मर्यादा घालण्याची शिफारस केली. ऐंशीच्या दशकातील तूट मात्र वाढतच राहिली.

जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पीय भाषणात मनमोहन सिंग यांनी सांगितलेल्या आकड्यांनुसार १९९०-९१ मधील केंद्राची राजकोषीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८ टक्क्यांहून अधिक होती आणि केंद्राच्या एकूण खर्चातील जवळजवळ २० टक्के रक्कम केवळ व्याजापोटी जात होती. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर सी. रंगराजन यांनी १९९३ मध्ये कोलकात्यातील व्याख्यानात तुटीच्या या आपोआप होणाऱ्या चलनीकरणावर बोट ठेवले. सप्टेंबर १९९४ च्या करारान्वये वर्षअखेरच्या तदर्थ विपत्रांवर ६,००० कोटींची मर्यादा आली आणि १ एप्रिल १९९७ पासून ही पद्धत बंद होऊन तिची जागा मर्यादित अर्थोपाय अग्रिमांनी घेतली. शुक्रवारची ती सोय ४२ वर्षे चालली.

१९९७ नंतर

२००३ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याने आणखी एक पाऊल टाकले; एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेने सरकारी रोखे थेट सरकारकडून घेण्यास, अपवादात्मक परिस्थिती वगळता, मनाई झाली. २००७-०८ मध्ये केंद्राची तूट २.५ टक्क्यांपर्यंत उतरली. शिस्तीमुळे वाढ झाली की वेगवान वाढीमुळे करउत्पन्न फुगून तूट आटली, हा वाद मिटलेला नाही; त्या वर्षांतील करवसुली पाहता दुसऱ्या स्पष्टीकरणात पुष्कळ तथ्य दिसते. करोना साथीच्या २०२०-२१ या वर्षी तूट ९.२ टक्क्यांवर गेली. सरकारने तेव्हा कर्ज बाजारातून उभारले. रिझर्व्ह बँकेने रोखे खरेदी केले ते दुय्यम बाजारात. शेणॉय यांना अभिप्रेत असलेला अडसर निदान कागदोपत्री उभा राहिला होता.

खर्चाची सवय मात्र त्या अडसराने मोडली नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पीय अंदाजात केंद्राचा एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये असून त्यापैकी १२.७६ लाख कोटी रुपये व्याजाचे आहेत. १९९१ मध्ये ज्या २० टक्क्यांना संकटाचे लक्षण मानले गेले, ते प्रमाण २०२५-२६ च्या या अंदाजात २५ टक्के होते.