ढोलकी तीच, गण निराळा

मागच्या साली आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले, तेव्हाची गोष्ट. सातवीतला एक मुलगा ढोलकी फार सुरेख वाजवतो, असे कानावर आले होते. त्याला बोलावून विचारले, तर तो खाली मान घालून उभा. पुष्कळ वेळाने म्हणाला, "गुरुजी, पणजोबा जलशात होते. पण घरचे म्हणतात, शाळेत ते काढू नकोस. पोरं तमासगीर म्हणून चिडवतील."

त्या पोराला एका वाक्यात उत्तर देता येण्यासारखे नव्हते. जे त्याला चार दिवस बसवून सांगितले, तेच आज फराळाच्या ताटासोबत वाचकांपुढे ठेवतो.

तमाशाचा बांधा वाचकांना ठाऊकच आहे. आधी गण, म्हणजे गणरायाची आळवणी. मग गौळण, तिच्यात मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवून दाण मागतात आणि मावशी त्यांच्याशी हुज्जत घालते. पुढे बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. हा सारा डोलारा पेलणारी माणसे बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी समाजांतली. रात्री ज्याच्या ढोलकीवर अवघा गाव डुले, त्याला सकाळी गावच्या पाणवठ्यावर घागर बुडवता येत नसे. त्याची कला गावाला हवी होती. तो मात्र वेशीबाहेरचा.

लोकांच्या डोळ्यांत अंजन घालायचे तर त्यांच्यापुढे खेळच मांडला पाहिजे, हे ज्योतिबा फुल्यांनी फार लवकर ओळखले होते. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. जोशाच्या भूलथापांनी नागवले गेलेले एक कुणबी जोडपे, आणि मधूनमधून प्रेक्षकांना शहाणे करणारा विदूषक, अशी त्याची रचना. शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेची वाट धरते. दक्षिणा प्राईझ कमिटीने हे नाटक नाकारले. पुढे २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला, १८७७ साली 'दीनबंधू' पत्र निघाले. पण ज्याला अक्षरओळख नाही त्याने पत्र वाचावे कसे? तेव्हा ज्योतिबांच्या पश्चात त्यांच्या अनुयायांनी सरळ तमाशाच हाती घेतला आणि त्याला जलसा म्हटले. सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांत असे फड उभे राहिले. गण राहिला, पण त्यात निर्मिकाची आणि ज्योतिबांची आठवण आली. वगातला राजा गेला आणि त्याच्या जागी खोटा दस्त करणारा सावकार, दक्षिणेसाठी अडून बसलेला भट आणि अंगठा उठवणारा शेतकरी आला. समोर बसलेल्या माणसाला आपलेच घर चव्हाट्यावर दिसू लागले.

याच्या पुढचे पाऊल आंबेडकरी जलशांनी टाकले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ही वार्ता वाडीवस्तीवर कोणी न्यावी? ती नेली जलसाकारांनी. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यांतले अग्रणी. गॅसबत्तीच्या उजेडात, पेटी-ढोलकीच्या साथीवर खेळ सुरू होई. कृष्णलीलेला फाटा मिळाला होता. दोन पात्रे पुढे येत, एक शिकलेला, दुसरा जुन्या वळणाचा. मेलेले ढोर ओढावे की नाही, त्याचे मांस खावे की नाही, वतनाच्या चार पेंढ्यांसाठी गावकी करावी की पोराला शाळेत घालावे, यावर त्यांची जुंपे. सोंगाड्या जुन्या वळणाच्या माणसाची बाजू अशी हिरिरीने मांडी, की लोक पोट धरून हसत. आणि हसता हसता उमगे, की आपण आपल्यालाच हसतो आहोत. सभेत वक्ता बोलतो आणि लोक ऐकतात. जलशात वादाच्या दोन्ही बाजू लोकांच्या स्वतःच्याच बोलीत रंगत, आणि खेळ संपल्यावर तो वाद घराघरात चालू राही.

एक गोष्ट मात्र लपवू नये. जलशांनी शृंगाराबरोबर नाचणारी बाईही मंचावरून खाली उतरवली. स्त्रीची सोंगे पुरुषच घेत. यामागचे दुःख समजण्यासारखे आहे. शाहीर पठ्ठे बापूराव जन्माने ब्राह्मण, रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी. पवळा महार समाजातली. त्यांच्या तमाशाने महाराष्ट्र वेडा केला. महाडच्या लढ्याच्या दिवसांत बापूरावांनी खेळाचे उत्पन्न बाबासाहेबांना देऊ केले आणि आमच्या स्त्रिया नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी तो नाकारला, अशी हकीकत सांगतात. स्वाभिमानाचा हा हिशेब चोख होता. परंतु ज्या बायांनी पिढ्यान्पिढ्या तमाशा जगवला, त्यांना या नव्या मंचावर जागा उरली नाही, हेही तितकेच खरे. त्यांची बाजू घेऊन हुज्जत घालायला जलशात मावशीही उरली नव्हती.

पुढे १९४४ साली मुंबईत अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. अण्णाभाऊंच्या लोकनाट्यात वंदन मायभूमीला आणि हुतात्म्यांना होई. 'मुंबई कुणाची?' या त्यांच्या लोकनाट्याचे नावच एक प्रश्न होते. 'माझी मैना'मध्ये गिरणगावात एकट्या पडलेल्या कामगाराचा विरह सांगता सांगता ते बेळगाव-कारवारच्या ताटातुटीवर येतात. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्यात या डफाचा वाटा मोठा आहे. तिकडे १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर जलशांची जागा गायन पार्ट्यांनी घेतली. वामनदादा कर्डकांसारखा, थोरपणी मुळाक्षरे गिरवलेला कवी, २००४ साली देह ठेवीपर्यंत गावोगाव गात राहिला.

हे सारे ऐकून घेतल्यावर मुलगा म्हणाला, "मग पणजोबा तमासगीर नव्हते?" मी म्हटले, "होते की! आणि मास्तरही होते. माझ्या वर्गात चाळीस मुले बसतात, त्यांच्यापुढे सारा गाव बसत असे."

संमेलनात त्याने ढोलकी वाजवली. सूत्रसंचालन करताना मी त्याच्या पणजोबांचे नाव मोठ्याने घेतले. मागच्या रांगेत त्याची आजी डोईवरचा पदर सावरून ताठ बसलेली मला दिसली.

दुसऱ्या दिवशी तो दप्तरातून एक वही घेऊन आला. पाने पिवळी पडलेली, अक्षर उशिरा शिकलेल्या माणसाचे, एकेक काना जपून काढलेला. पहिल्या पानावर गण होता. आणि त्याखाली, तो जिथे जिथे म्हटला, त्या गावांची नावे.